उंदराचं कुळ, मिठाचं कडवं

पुणे, १२ जानेवारी २०२५

काकी, तुला आधी नमस्कार, मग बाकीचं.

तुझी अट पाळते आहे. फोनवर मी नुसतं ‘हो, हो’ करते आणि ठेवून देते, हे तुझं म्हणणं खरं आहे. मी सातवीत असताना तुला अक्षरं शिकवली, तेव्हा तू माझ्याकडून वचनच घेतलं होतंस की बाहेरगावी गेल्यावर पत्र लिहायचं, नाहीतर तुझा हात विसरेल. तर हे घे.

बाबांनी पोशीरच्या नाक्यावर सांगून ठेवलंय की माधवी उंदीर मारायचं औषध काढते आहे. काकी, तू तरी लोकांना खरं सांग. माझ्या कामानं एकही उंदीर मरणार नाही. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते. उंदराच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत त्याचा सगळा कुलवृत्तांत लिहिलेला असतो, त्याला जीनोम म्हणतात. त्या मजकुरात मधूनमधून परके तुकडे आहेत. फार फार पूर्वी काही विषाणू उंदरांच्या पूर्वजांत शिरले आणि कायमचे राहिले. बापाकडून, आईकडून पिल्लात येत गेले. ते तुकडे स्वतःची नक्कल काढून दुसऱ्या जागी चिकटवतात. असं करत करत आज उंदराच्या मजकुराचा जवळजवळ दहावा भाग या विषाणूसारख्या तुकड्यांचा झाला आहे. त्यांतला कोण कोणाचा भाऊ, कोण चुलता, कोण पणजोबा, हे मी लावते. आमच्या कामाच्या प्रमुख देवस्थळी मॅडम म्हणतात, ‘तुला नाती लावायची सवय दिसते.’ म्हटलं, गावची आहे मी.

आता नवीनदादाचं लग्न. मुलगी लेण्यांच्या कोंडाण्याची, म्हणजे आपल्यापासून लांब नाही. मी सुट्टी आत्ताच मागून ठेवली आहे. हळदीपासून मांडवात बसून तुझे धवळे, आपली लग्नाची गाणी, ऐकायचे आहेत. सगळ्या गावाच्या लग्नात तू गायलीस, आता आपल्या घरचं लग्न. मी फोनवर सगळं रेकॉर्ड करणार आहे.

तुझी माधवी


पोशीर, २१ जानेवारी

माधवी, आशीर्वाद वरच लिवते, खाली जागा उरत नाय.

तुझं पत्र वाचलं. उंदरात रोग हाय आणि तू तिथं बसतेस हे काय मला आवडलं नाय. हात धूत जा. तुज्या बाबांना मी सांगितलं की औषध नाय, ती उंदरांची नाती लावते. ते म्हणाले, ‘वैनी, हे नाक्यावर सांगू नका, औषधच बरं हाय.’

शेतात वाल भरलाय. परवा पोरांनी पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी. तुझी आठवण काढून तुझा वाटा शेजारच्या कमळ्यानं खाल्ला.

लग्नाचं म्हंजे, यंदा माझा गळा धरलाय. आवाज येत नाय. तुमी धवळ्यांना दुसरी कुणी बघा. कशेळ्याला एक बाई हाय म्हणतात, बरी गाते. मी पाटावर बसून ऐकीन.

बाकी सगळं बरं.

इंदूकाकी


पुणे, २९ जानेवारी

काकी,

तुझ्या गळ्याचं वाचून मी लगेच बाजारात गेले. सोबत ज्येष्ठमध पाठवला आहे, कांडी चघळत राहा. गार पाणी पूर्ण बंद. आमच्या इथल्या एका मुलीची मावशी गळ्याची डॉक्टर आहे, तिची वेळ मी घेऊन ठेवली आहे. नवीनदादा तुला घेऊन येईल. लग्नाला अजून वेळ आहे, तोवर आवाज नक्की सुटेल. तुझ्याशिवाय दुसरं कुणी गाणार नाही, हे मी घरात सांगून टाकलं आहे.

तुझं मन रमावं म्हणून माझी एक फजिती सांगते. माझ्याकडे तुकड्यांची दोन घराणी होती. एकाच्या पोटात विषाणूची सगळी हत्यारं आहेत, नक्कल काढायची, चिकटवायची. दुसऱ्याच्या पोटात तसलं काहीच नाही, भलताच मजकूर भरलेला. मी दोघांना एकमेकांपासून पार लांब बसवलं. मॅडम म्हणाल्या, ‘पोट बघितलंस, टोकं बघितलीस का?’ अशा प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं सारखी असतात, पुस्तकाला पुढून-मागून एकच पुठ्ठा असावा तशी. बघते तर दोन्ही घराण्यांची टोकं जवळजवळ एकच! सख्खे भाऊच ते. आणि ज्याच्याकडे हत्यारं नाहीत, तो भावाची हत्यारं वापरून फिरतो. हे जाणकारांना आधीपासून माहीत होतं, मलाच नव्हतं. पण स्वतः बघितल्यावर मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

डॉक्टरांना नाही म्हणू नकोस.

माधवी


पोशीर, ७ फेब्रुवारी

माधवी पोरी,

तुझा तो बिनहत्याराचा भाऊ म्हंजे आपला कमळ्या. स्वतःचा ट्रॅक्टर नाय, पण पेरणी सगळ्यांच्या आधी.

डॉक्टरांना फोन करून नको सांग. गाडी काढून नवीन दारात उभा राहिला तवा मला लाज वाटली. माझा गळा ठणठणीत हाय. काल कमळ्याची म्हैस वालात शिरली, मी इथून वरडले तर ती पार नदीकडं पळाली. तुला खोटं लिवलं कारण खरं लिवायला लई जागा लागते. आता लिवते.

नवीनची होणारी बायको प्रणाली, तिची चुलत आजी म्हंजे कोंडाण्याची हिरू, माहेर-सासर दोनी तिथंच. ती पण धवळारीण. नवरीकडून ती गाणार, नवऱ्याकडून मी, अशी रीत हाय. पण मांडवाचा जो मोठा धवळा मी गाते, खांब रोवल्यापासून हळद उतरंपर्यंतचा, तो हिरूनं चोरलाय. मी नवी नवरी होते तवा नेरळच्या एका लग्नात मी तो गायले. हिरू पलीकडं बसून कान देऊन ऐकत व्हती. दुसऱ्याच वर्षी तिनं तो कडाव गावच्या लग्नात गायला, जसाच्या तसा. मी तिला चारचौघींत बोलले. तर ती मलाच म्हणते, ‘अगं जा, माझ्या चुलतीचं गाणं तू ढापलंस.’ माझ्या सासूनं, म्हंजे तुझ्या आजीनं, मला जात्यावर बसवून शिकवलेलं गाणं ते! तवापासून ती ज्या मांडवात असंल त्या मांडवात मी तोंड उघडत नाय.

नवीन पाया पडला. तुझे बाबा रागावले, म्हणाले, ‘घरची धवळारीण गप बसली तर लोक काय म्हणतील?’ मला काय कळत नाय का? पण चोरणारीच्या शेजारी बसून तेच गाणं मी कसं गाऊ? गायलं तर लोक म्हणतील दोघींचंच हाय. नाय गायलं तर माझ्या लेकरासारख्या पुतण्याच्या लग्नात मी मुकी. दोनी बाजूंनी मीच मरते.

जेष्ठमध चांगला हाय, चहात घालते.

इंदूकाकी


पुणे, २४ फेब्रुवारी

काकी,

आनंदाची बातमी आहे. नीट वाच.

मी प्रणालीला फोन केला. तिनं हिरूआजीचा अख्खा धवळा फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. तुझा माझ्याकडे होताच, गावातल्या मनोजदादाच्या लग्नातला. दोन्ही मी कडव्यावार शेजारी शेजारी लिहून काढले. तुकड्यांना लावते तोच नियम मी गाण्याला लावला.

नियम असा: दोन उंदरांत एकच परका तुकडा नेमक्या एकाच जागी चिकटलेला दिसला, तर तो दोघांत आपापला येऊन चिकटला असं सहसा होत नाही. मजकूर एवढा अफाट आहे की तीच जागा पुन्हा सापडणं कठीण. म्हणजे तो त्यांच्या कुठल्यातरी समाईक पूर्वजात शिरला, आणि दोघांना वारशानं मिळाला.

आता तुझ्या धवळ्यात खांबाचं कडवं झालं की हळदीच्या आधी एकदम काय येतं?

‘मिठाची गोण कुणी गो उतरली,
खाडीच्या वाऱ्यानं पाठ गो पोळली.’

मांडवात मीठ कुठून आलं? पोशीरला खाडी कुठे आहे? हे परकं कडवं आहे. आणि हिरूआजीच्या गाण्यातही ते आहे, खांब आणि हळद यांच्या बरोबर मध्ये! म्हणजे दोन्ही गाणी एकाच मुळाची आहेत.

पण पुढे ऐक. माथेरानच्या झुकझुक गाडीचं कडवं तू स्वतः घातलंस ना? नेरळच्या त्या लग्नाच्या आधीच, तूच मला सांगितलं होतंस. हिरूआजीनं त्या दिवशी तुझं ऐकून उचललं असतं, तर गाडीही उचलली असती. तिच्यात गाडी नाही. तिच्यात लेण्यांच्या खांबांना हळद लावायचं कडवं आहे, ते तुझ्यात नाही. म्हणजे तिनं तुझं घेतलं नाही आणि तू तिचं घेतलं नाहीस. तुम्ही दोघी एकाच गाण्याच्या दोन नकला आहात. कुणीच चोर नाही!

आता तरी गाशील ना?

माधवी


पोशीर, ३ मार्च

माधवी,

पत्र मिळालं. माझं गाणं नक्कल हाय हे कळलं. तुझ्या आजीनं नक्कल शिकवली हे पण कळलं. शिकलीस ते बरं झालं.

उंदरांचे नियम उंदरांना लाव.

इंदूबाई


पुणे, १० मार्च

काकी,

‘काकी’ न लिहिता तू नुसतं ‘इंदूबाई’ लिहिलंस, ते वाचून मी डबा तसाच परत नेला.

मी चुकीचं बोलले नाही, पण चुकीच्या शब्दात बोलले. आमच्या कामात ‘नक्कल’ ही शिवी नाही. उंदरातला एकही तुकडा आज ‘मूळ’ नाही. मूळ विषाणू केव्हाच संपला. उरल्या त्या नकलाच. त्यांतल्या पुष्कळ मोडून पडल्या आहेत, जिथल्या तिथे गप्प. काही थोड्या मात्र अजून जिवंत आहेत, अजून नवी जागा शोधतात. आम्ही ज्यांच्यासाठी रात्रंदिवस बसतो त्या याच. तुझं गाणं तसं आहे. आजीनं शिकवलं ते तू नुसतं जपलं नाहीस, त्यात रेल्वे घातलीस!

पण मला जे दिसलं ते मी बदलणार नाही, तू रागावलीस तरी. खोटं नातं लावायचं नाही, हे मी या कामात शिकले आणि त्याआधी तुझ्याकडून शिकले.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. दोनच गाणी हातात असली की ती नात्यातली आहेत एवढंच सांगता येतं. मूळ कुठलं हे सांगायला तिसरं कुणीतरी लागतं, जरा लांबच्या नात्यातलं. ते तिसरं माझ्याकडे नाही. तोवर मूळ कुठलं याबाबत तू म्हणशील ते खरं धरून मी गप्प बसेन, पण तू गप्प बसू नकोस.

तुझीच माधवी


पोशीर, ६ एप्रिल

माधवी पोरी, लाडके, आशीर्वाद आणि अजून आशीर्वाद.

इतके दिवस पत्र नाय म्हणून रडत असशील. मी रागातच व्हते. मग राग जाईना तवा वाटलं, पोरगी खोटं बोलत नाय, तर हिरूच बोलत असंल. तुझी पत्रं पिशवीत घातली आणि नवीनला म्हटलं, ‘गाडी काढ, कोंडाण्याला चल.’ त्यानं कुठं, कशाला, काय इचारलं नाय, एवढा भ्यायला व्हता.

हिरू अंगणात वाल सोलत बसली व्हती. मला बघून म्हणाली, ‘ये गं इंदू. गाणं परत न्यायला आलीस?’

मी म्हटलं, ‘न्यायला नाय, बघायला. म्हण तुझं, मी माझं म्हणते.’

‘इथं? उन्हाचं? लग्न नाय, हळद नाय?’

‘भांडायला हळद लागत नाय,’ मी म्हटलं.

मग एक कडवं तिनं, एक मी. शेजारच्या बाया जमल्या. खांबाचं झालं आणि दोघींनी एकदमच मिठाची गोण उचलली. आवाजात आवाज असा बसला की दोघी थांबलो. हिरू म्हणाली, ‘हे मीठ तुझ्यात कुठलं गं?’ मी म्हटलं, ‘तुझ्यात कुठलं?’ तिला ठाऊक नाय, मला ठाऊक नाय. मी इचारलं, ‘तुझ्या चुलतीचं माहेर कुठलं?’ ‘खालापूर.’ अगं माधवी, तुझ्या आजीचं पण माहेर खालापूर! हिरूनं हातातला वाल टाकून कपाळावर हात मारला. म्हणाली, ‘बघ, एवढी वर्सं एकमेकींच्या आईबापाचा उद्धार केला, पण माहेर इचारलं नाय.’ सोयरीक करताना आमी पयलं माहेर इचारतो, आणि भांडताना इसरलो.

दुसऱ्या दिवशी दोघी सहा सीटच्या रिक्षानं खालापूरला गेलो. रिक्षात पण भांडलो, खिडकीवरून. तुझ्या आजीची आणि तिच्या चुलतीची आळी एकच निघाली. आता तिथं मोबाईलचं दुकान हाय. समोरच्या घरात झोहराबी म्हणून एक म्हातारी ओट्यावर बसली व्हती. त्यांच्या घरचे लोक पयलं खाडीकडून मीठ आणि सुकी मासळी आणून इकत, आता तिचा मुलगा अबूबकर हार्डवेअरचं दुकान चालवतो. तिला आमी इचारलं, इथं कोण धवळारीण व्हती का. ती म्हणाली, ‘गाऊन दाखवा, मग सांगते.’

आमी गायलो. मीठ आल्याबरोबर ती ताठ बसली. ‘अगो, माझ्या सासूचं गाणं तुमच्या हळदीत काय करतंय?’

आणि तिनं अख्खं म्हटलं. ते आखं गाणंच मिठाचं हाय! नवरदेव मिठाचा व्यापारी, गाडी घेऊन येतो, नवरी हसते की पाठ पोळलेला नवरा नको. झोहराबीची सासू आणि आपल्या बाया एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. हिच्या घरी हळद असली की त्या जायच्या, त्यांच्या घरी असली की ही यायची. तिथंच कुणीतरी हे कडवं उचलून आपल्या धवळ्यात बसवलं. मग त्या पोरी लग्न करून एक पोशीरला आली, एक कोंडाण्याला गेली, मीठ घेऊन.

हिरूनं झोहराबीला सांगितलं की चाल आमची जास्त बरी हाय. ती म्हणाली, ‘घ्या! मीठ आमचं, आणि चव तुमी शिकवा.’ तिची नात अनम हसून हसून खाली बसली. आमाला सरबत दिलं, जेवायला ठेवून घेत व्हती.

तर तुझं तिसरं सापडलं. लिवून ठेव.

हिरू आणि मी दोघी गाणार. मिठाचं कडवं काढून टाकावं का असं तिनं इचारलं. मी म्हटलं, काढलं तर आपल्या दोघींना धरून ठेवणारं काय उरलं? झोहराबीला आमंत्रण देऊन आले. तुझ्या बाबांनी हे ऐकून नाक्यावर काय सांगितलं ठाऊक हाय? ‘माझ्या पोरीनं उंदरांवरनं वैनीचं भांडण मिटवलं.’ लोकांना औषध पटलं व्हतं, हे काय पटत नाय.

इंदूकाकी


पुणे, २७ एप्रिल

काकी,

परत आले, पण डोक्यात अजून मांडव आहे. हळदीचा वास हाताला आहे, आणि की-बोर्डवर पिवळी बोटं उमटली आहेत.

तुला मांडवात नीट सांगताच आलं नाही, आता सांगते. तू आणि हिरूआजी समोरासमोर बसलात, तेव्हा बाबा मागे उभे होते. पहिला सूर लागला आणि ते दिव्याची वायर सारखी करायला म्हणून बाहेर गेले. वायर ठीक होती. झोहराबी खुर्चीत बसून मिठाच्या कडव्याला मान हलवत होत्या, नको त्या ठिकाणी ‘अंहं’ करत होत्या, आणि शेवटी न राहवून त्यांनीच आवाज दिला. तीन चाली एकाच वेळी! माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकून मॅडम म्हणाल्या, ‘हे तर तुझ्या नात्यांच्या झाडाचं मूळ आणि दोन्ही फांद्या एकदम बोलताहेत.’

मी त्यांना समजावलं की आमच्या तुकड्यांसारखंच हे कडवंही बाहेरून आलं आणि घरचं झालं. आता ते काढलं तर गाणंच अडखळेल. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात सगळ्यांपुढे माझं काम मांडताना सुरुवात याच गोष्टीनं कर. मी करणार आहे.

पण तुझ्याबद्दल माझी एक तक्रार आहे. हळद उतरताना तू जे म्हटलंस, ते मला आधी का नाही सांगितलंस?

‘करवली आमची शिकली किती गो,
उंदराच्या घरची लावती नाती गो.’

सगळा मांडव माझ्याकडे वळून हसला. मी लाजून पातेल्यांमागे गेले आणि तिथे एकटीच नाचले. किती सुंदर बांधलंस, काकी. झुकझुक गाडीनंतर इतक्या वर्षांनी तू नवं कडवं घातलंस, आणि ते माझ्यासाठी! हे मी जपून ठेवेन. कुणी विचारलं तर सांगेन, हे पोशीरच्या इंदूबाईंचं, अस्सल.

माधवी


पोशीर, ५ मे

माधवी,

आशीर्वाद. प्रणाली घरात रुळली. नवीनला ती चहात साखर कमी घालते, मला जास्त, तवा आमचं जमलं.

कडव्याचं तू उलटं धरलंस, ते सरळ करते. ते माझं नाय. हिरूचं हाय. हळदीच्या दिवशी तिनं तुला बघितलं, तू फोन हातात धरून झोहराबीला पाणी देत व्हतीस. तिला तिथंच सुचलं. पण ती नवरीकडची. नवरीकडच्या धवळारणीनं नवऱ्याच्या बहिणीला टोमणे मारायचे असतात, तिचं कौतुक करायचं नसतं, नायतर तिच्याच बाया तिला धरतील. म्हणून ती पाण्याचं निमित्त करून माझ्याकडं आली आणि कानात म्हणून गेली. म्हणाली, ‘तू म्हण, तुझ्या तोंडी शोभेल.’ मी घेतलं आणि म्हटलं. लोकांनी वाहवा माझी केली, ती पलीकडं बसून गालात हसत व्हती.

परवा शेलू गावच्या एका लग्नाला दोघींना मिळून बोलावणं आलं. तिथं पण मी ते म्हणणार, मला सोडवत नाय.

तर तुझ्या सगळ्या मोठ्या लोकांपुढं जे झाड काढशील त्यावर नीट लिव: हे कडवं कोंडाण्याच्या हिरूचं, पोशीरच्या इंदूनं तिच्याकडून घेतलं.

इंदूकाकी